शेवटच्या दोन पायऱ्या

पत्र: "आमचा साताऱ्यात दुमजली बंगला आहे, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. दोन वर्षांपूर्वी जिन्याच्या जुन्या कोटा फरशीवरच काळा पॉलिश केलेला ग्रॅनाइट बसवून घेतला. हॉल आणि वरच्या पॅसेजची फरशी मात्र जुनीच ठेवली. देवघर वरच्या मजल्यावर आहे. गेल्या महिन्यात सासूबाई (वय 72) पूजा आटोपून, हातात ताम्हन घेऊन उतरत होत्या. शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या असताना पडल्या. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. ह्यांचं म्हणणं, आता आईने जिना चढायचाच नाही, देव खाली आणू. सासूबाई ऐकायला तयार नाहीत, मायलेकांत अबोला आहे. दुकानदाराने तीन गोष्टी दाखवल्या: पारदर्शक अँटी-स्किड टेप, पितळी पट्टी आणि जिनाभर कार्पेट. यातलं काय घ्यावं? दिवाळीआधी काम उरकायचं आहे." – एक सून, सातारा

ताई,

दुकानदाराने दाखवलेल्या तीनपैकी एकही वस्तू घेऊ नका. काय घ्यायचं ते पुढे सांगते. त्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण सगळा घोळ बहुधा तिथेच आहे: "हॉल आणि वरच्या पॅसेजची फरशी मात्र जुनीच ठेवली."

आज संध्याकाळी मोजायची टेप घ्या आणि जिन्याची प्रत्येक पायरी उंचीला मोजा. सगळ्यांत खालची पायरी हॉलच्या फरशीपासून मोजायची, सगळ्यांत वरची पॅसेजच्या फरशीपर्यंत. आकडे कागदावर लिहा. माझा अंदाज असा की मधल्या पायऱ्या एकमेकींशी जुळतील, समजा साडेसहा इंच. खालची मात्र पावणेआठच्या आसपास भरेल आणि वरची सव्वापाच. कारण साधं आहे. ग्रॅनाइटची जाडी आणि त्याखालचा माल मिळून प्रत्येक पायरी सव्वा इंचाने वर आली. मधल्या पायऱ्या सगळ्याच सारख्या उचलल्या गेल्या, म्हणून त्यांच्यातलं अंतर बदललं नाही. हॉल होता तिथेच राहिला, म्हणून शेवटचा उतार वाढला. पॅसेजही होता तिथेच राहिला, म्हणून वरची पायरी बुटकी झाली.

सव्वा इंच म्हणजे कितीसं, असं वाटेल. पण आपण जिना डोळ्यांनी उतरत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्या बघतो, पायांना अंदाज येतो आणि पुढे पाय त्याच ठेक्यात पडत जातात. ज्या बाईंनी तोच जिना वीस वर्षं उतरला, त्यांच्या पायांत तो ठेका मुरलेला आहे. आता शेवटी जमीन जिथे असायला हवी तिथे नसते, पाय सव्वा इंच आणखी खाली जातो आणि सगळं वजन झटक्याने पुढे पडतं. तरुण माणूस "अरे" म्हणून सावरतो. बहात्तराव्या वर्षी सावरायला लागणारा तो अर्धा क्षण मिळत नाही. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच सांगितली आहे, आणि पाय ठेवायची रुंदी किमान 250 मिलिमीटर. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत तर एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत तीन अष्टमांश इंचापेक्षा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आपल्याकडे जुन्या फरशीवर नवी फरशी चढवण्याची पद्धत घरोघरी आहे. त्यात हा हिशोब कोणीच करत नाही, आणि मिस्त्रीला दोष देऊनही उपयोग नाही, कारण त्याला तो कोणी सांगितलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट दिसण्याची. काळा ग्रॅनाइट, आरशासारखं पॉलिश. तुमच्या जिन्याच्या माथ्यावर उभं राहून मोबाइलवर एक फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. पायऱ्या मोजता येतात का? नाही आल्या, तर आईंच्या डोळ्यांनाही त्या वेगळ्या दिसत नाहीत.

हे मी कुठे शिकले ते सांगते, कारण ते विसरणं मला शक्य नाही. पुण्यात एका बंगल्याचं काम माझ्याकडे होतं. मालकांना काळाच ग्रॅनाइट हवा होता आणि चकचकीत. मी होकार दिला, वर पायरीची कड अर्धगोल मोल्डिंग करून घेतली, ती हाताला फार छान लागते. वास्तुशांतीनंतर चौथ्या महिन्यात त्यांच्या आई त्याच जिन्यावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी भेटायला गेले तेव्हा दुपार होती. जिन्याच्या माथ्यावर उभी राहिले. समोरच्या मोठ्या खिडकीतून ऊन येत होतं आणि सगळा जिना खालपासून वरपर्यंत एकसंध चमकत होता. पायऱ्याच दिसत नव्हत्या. काम चालू असताना मी त्या जिन्यावर शेकडो वेळा चढले असेन, पण वर थांबून खाली कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही घरात गेले की आधी जिन्याच्या माथ्यावर जाऊन उभी राहते.

आता पट्टीचं. उतरताना पाऊल पायरीवर कसं पडतं ते एकदा निरखून पाहा. आधी चवडा टेकतो, तोही पायरीच्या अगदी कडेशी, बोटं बऱ्याचदा बाहेरच असतात. त्या क्षणी मागचा पाय वरच्या पायरीवर असतो, त्याची टाच उचललेली आणि गुडघा वाकलेला. सगळा भार येऊ लागतो तो त्या कडेच्या दोन इंचांवर. म्हणून पकड हवी ती तिथे, आणि डोळ्याला खूण हवी तीही तिथेच. चांगल्या पट्टीने ही दोन्ही कामं करायला हवीत. दुकानदाराच्या तिन्ही वस्तू यातल्या एका तरी कामाला नापास होतात. पारदर्शक टेप पकड देते पण दिसत नाही. काळ्या ग्रॅनाइटवर तर ती असून नसल्यासारखी. पितळी पट्टी जुन्या वाड्यांत सुंदर दिसते, दिसतेही ठळक, पण पायांनी घासून घासून ती गुळगुळीत होते आणि तेलकट पायाखाली घसरते. कार्पेट पायरीची कड गोल आणि मऊ करून टाकतं, कड कुठे संपते ते कळत नाही. शिवाय सातारच्या पावसाळ्यात त्याला कुबट वास लागेल आणि एखादा खिळा निघाला की तेच पायात येईल.

तुमच्या जिन्यासाठी माझी पसंती ॲल्युमिनियमच्या नोजिंगला, म्हणजे पायरीच्या कडेवर बसवायच्या पट्टीला आहे, वरून रबराची किंवा पीव्हीसीची खाचदार पट्टी बसवलेली. पट्टीचा रंग फिकट घ्या, काळ्यावर ऑफ-व्हाइट किंवा पिवळा. दोन इंच रुंद असावी. ती पायरीच्या कडेवरून थोडी खाली वळलेली, म्हणजे एल आकाराची असते, त्यामुळे वरून उतरताना आणि खालून चढताना, दोन्हीकडून कड दिसते. रबर झिजलं तर तेवढंच बदलता येतं. मात्र दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. एक, तिची मागची कड चपटी, पायरीला मिसळणारी असावी. काही पट्ट्या चांगल्या पाच-सहा मिलिमीटर वर उभ्या राहतात, त्यांना चढताना पायाचं बोट अडतं. दोन, तुमच्या कडेला मोल्डिंग केलेलं असेल तर एल आकार नीट बसणार नाही, खाली पोकळी राहील आणि पट्टी पायाखाली खडखडेल. घेण्यापूर्वी एक तुकडा आणून पायरीवर ठेवून बघा. स्क्रूसाठी ग्रॅनाइटला भोक पाडताना मिस्त्रीने डायमंड बिट वापरावा आणि कडेच्या फार जवळ जाऊ नये, दगड उडतो. स्क्रूचं डोकं पूर्ण आत बुडालं पाहिजे. आपल्या घरात लोक अनवाणी चालतात, हे कारखान्यातली पट्टी घरात विकणाऱ्याला आठवण करून द्यावी लागते.

कड अर्धगोल निघाली तर टेपच लावा, पण रंगीत. टेपमध्येही प्रकार आहेत. सँडपेपरसारखी खरखरीत काळी-पिवळी टेप बूट घालून वावरायच्या जागेसाठी ठीक आहे. अनवाणी पायांना ती टोचते, साडीच्या काठाचे धागे ओढते आणि महिनाभरात मळून सगळी एकरंगी होते. रबरासारखी, बारीक उठावाची टेप मिळते, बाथरूमसाठी विकतात, ती मागा. लावण्याआधी पायरी साबणाने धुवून एक दिवस पूर्ण वाळू द्या. मग थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा. फडकं काळं किंवा चिकट निघालं तर परत पुसा, ते जुनं पॉलिश असतं आणि त्याच्यावर चिकटवलेली टेप पावसाळाभर टिकत नाही. पट्टी पायरीच्या लांबीपेक्षा दोन्हीकडून इंचभर कमी कापायची. चारही कोपरे कात्रीने गोल करायचे; सगळी टेप सुटते ती टोकदार कोपऱ्यातून. मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने दाबत जायचं, वरून जुनं लाटणं जोर लावून फिरवायचं. पुढचा एक पूर्ण दिवस त्यावर पाणी नाही, फडकं नाही.

आणि टेप असो की नोजिंग, पट्टी कडेलाच हवी. हे मी मुद्दाम दोनदा सांगते. कितीतरी जिन्यांवर पट्टी कडेपासून दोन-तीन इंच आत लावलेली असते, "नाहीतर निघून येते" म्हणून. डोळा पट्टीलाच कड समजतो, पाय त्या हिशोबाने टाकला जातो आणि हिशोब चुकतो. गोलाई जिथे संपते तिथून लगेच पट्टी सुरू झाली पाहिजे. ती प्रत्येक पायरीला, मधल्या चौकाच्या कडेला आणि वरच्या पॅसेजच्या कडेलाही लावायची. पॅसेज संपून पहिली पायरी सुरू होते ती जागा लोक हमखास विसरतात. तुमच्याकडे तर तिथली पायरी उंचीला वेगळीच असणार.

मिस्त्री कदाचित सांगेल की एवढा खर्च कशाला, कटरने ग्रॅनाइटला दोन-तीन खाचा पाडून देतो. नुसत्या खाचांवर माझा फारसा विश्वास नाही. दोन खाचांच्या मधला दगड गुळगुळीतच राहतो, आणि काळ्या दगडातली खाच काळीच दिसते. खाचांत फिकट रंगाचं इपॉक्सी आणि खडी-भुकटीचं मिश्रण भरून ते किंचित वर ठेवलं तर चांगलं काम होतं, पण त्यासाठी हात बसलेला कारागीर हवा.

उंचीच्या फरकाचं काय करायचं? वरच्या पॅसेजवर फरशी बसवून घेतली, तेवढीच सव्वा इंच, की वरची पायरी जुळेल. जागा छोटी, दोन दिवसांचं काम. दारं खालून रंधून घ्यावी लागतील. हॉलमध्ये परिणाम उलटा होतो. तिथे नवी फरशी चढवली की खालची पायरी बुटकी होत जाईल, म्हणजे आत्ताच्या पावणेआठवरून खाली येत साडेसहाला जुळेल, आणि तेच हवं आहे. हॉल मोठा, खर्च मोठा, तो यंदा जमणार नसेल तर मी समजू शकते. तोवर एक गोष्ट मात्र करू देऊ नका: जिन्याच्या पायथ्याशी एक जाडसर फरशी किंवा पाट टाकून उंची "ॲडजस्ट" करणं. हॉलमध्ये सव्वा इंचाचा एकटा उंचवटा जिन्यापेक्षा वाईट, प्रत्येकजण त्याला ठेचकाळेल. तोपर्यंत खालच्या पायरीची पट्टी वेगळ्या रंगाची लावा. बाकी सगळ्या ऑफ-व्हाइट, ही पिवळीधमक. आणि आईंना स्वतः सांगा की पिवळी आली की थांबायचं, पायरी खोल आहे. पायथ्याशी पायपुसणं असेल तर ते आजच उचला.

पण या सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात, भिंतीच्या बाजूने एक हातधरणी लावून घ्या. बहुतेक बंगल्यांत कठडा एकाच बाजूला असतो. आईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. उतरताना तुमचा कठडा उजवीकडे येत असेल, तर आत्ता त्यांना धरायला काहीच नाही! दीड इंची स्टीलचा गोल पाइप, भिंतीपासून दोन इंच सुटा, पायरीच्या कडेपासून साधारण 34 ते 36 इंच उंचीवर. मूठ त्याच्याभोवती पूर्ण बंद झाली पाहिजे. रुंद लाकडी कठड्यावर हात नुसता ठेवता येतो, पडताना धरता येत नाही. पाइप शेवटच्या पायरीवर संपवू नका, पुढे फूटभर जाऊ द्या. पाय जमिनीवर पक्का टेकेपर्यंत हात पाइपवर राहिला पाहिजे.

दिवा जिन्याच्या वर आणि खाली, दोन्ही ठिकाणाहून लागेल असं टू-वे बटण बहुतेक असेलच. नसेल तर तेही याच वेळी. दिवा असा हवा की डोळ्यांत न येता पायऱ्यांवर पडेल.

आता आईंबद्दल. त्यांच्याशी एकदा शांतपणे बोला आणि विचारा, पाय घसरला, पायरी चुकली, की डोळ्यांपुढे अंधारी आली? अंधारी आली असेल तर आधी डॉक्टर. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं, आणि म्हातारी माणसं हे घरात सांगत नाहीत, कारण सांगितलं की बंधनं येतात हे त्यांना माहीत असतं. चष्मा बायफोकल आहे का तेही बघा. त्याचा खालचा भाग पुस्तक वाचायला केलेला असतो, हातभर अंतरासाठी. जिना उतरताना मान न वाकवता खाली पाहिलं की नजर नेमकी त्या भागातून जाते आणि पायऱ्या धूसर दिसतात. घरात चालण्या-फिरण्यासाठी नुसता लांबचा चष्मा वेगळा करून मिळतो. मोतीबिंदू तपासून बरीच वर्षं झाली असतील तर तेही करून घ्या.

ताम्हनाचंही सांगते. त्यांना पूजेपासून नाही, ताम्हनापासून सोडवा. दोन्ही हात गुंतलेले, पुढची पायरी ताटाआड झाकलेली आणि त्यात तीर्थाचं पाणी हिंदकळतंय, असं उतरलं तर मीही पडेन. तांब्या, ताम्हन, पळी-पंचपात्र यांचा एक संच वरच ठेवा, पाणी वरच्याच नळाचं. फुलं खांद्याला अडकवायच्या कापडी पिशवीतून जाऊ देत. निर्माल्य आणि भांडी घरातलं दुसरं कोणीतरी खाली आणेल, नातवंडं असतील तर त्यांना हे काम द्या. पूजेआधी पायाला तेल लावायची सवय असेल तर ती पूजेनंतर, खाली बसून. जिना पुसायचा तो सगळे खाली-वर करून झाल्यावर, घट्ट पिळलेल्या फडक्याने.

तुमच्या यजमानांना एवढंच सांगेन की त्यांची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून मरतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हेच कारण, आणि त्यात साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. पण त्यांच्या आई रोज सकाळी स्वतःच्या पायांनी देवापर्यंत जातात. ते एकदा थांबवलं की मांड्यांतलं बळ काही महिन्यांत उतरतं, आणि मग त्या सपाट जमिनीवर, बाथरूमच्या उंबऱ्यावर पडतील. जिना दुरुस्त होण्यासारखा आहे. तो दुरुस्त करा. हे त्यांनी आईंना स्वतः जाऊन सांगावं, "देव खाली आणू" च्या जागी "पाइप कुठल्या उंचीवर लावू, धरून दाखव" असं म्हणावं. पाइपची उंची ठरवायला तसंही आईंचाच हात लागणार आहे.

प्लास्टर आहे तोवर उतरताना कोणीतरी त्यांच्या एक पायरी खाली, थोडं बाजूला राहून चालावं. दोन्ही पाय एका पायरीवर टेकवून मगच पुढची. घाई कोणी करायची नाही, मागून हाकही मारायची नाही.

दिवाळीआधी पाइप, पट्ट्या आणि पॅसेजची फरशी सहज होईल. फरशीवाला जाताना "जिन्याला पण एक पॉलिशचा हात मारून देतो" म्हणेल, त्याला नको म्हणा. आणि यंदा पायऱ्यांवर पणत्या ओळीने मांडू नका, तेल सांडतं आणि काळ्या दगडावर ते दिसत नाही. कठड्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा तुळशीपाशी लावा. मापं घेतलीत की आकडे मला कळवा. खालची पायरी पावणेआठ निघाली नाही, मधलीच कुठली तरी वेगळी निघाली, तर पिवळी पट्टी तिच्यावर लावायची.